लसणीची पाकळी आणि आजोबांची गोळी

मुलांनो, एप्रिल-मे महिन्यात कधी लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून गेला आहात का? गेला असाल तर नाकाला रुमाल लावूनच गेला असाल! दोन्ही बाजूंना मिरच्यांची पोती, धने, दगडफूल, तमालपत्र, हळकुंडं, आणि आतून कांडपाच्या यंत्राची धडधड. वर्षाचा मसाला करून घ्यायला गिरगावापासून थेट डोंबिवलीपर्यंतच्या आया-मावश्या इथं येतात. माझी शाळा इथून हाकेच्या अंतरावर आहे. वारा तिकडून वाहू लागला की आमच्या चौथीच्या वर्गात एक जण शिंकतो आणि मग शिंकांची साखळीच लागते.

अशाच एका दिवशी मी वर्गात हृदयाचा पाठ घेत होते. प्रत्येकानं आपली मूठ छातीशी धरली होती. तुमची मूठ जेवढी, साधारण तेवढंच तुमचं हृदय, हे तुम्हांला ठाऊक असेलच. मिनिटाला सुमारे 72 ठोके धरले तर दिवसाला किती होतात, याचा हिशोब फळ्यावर मांडला. उत्तर आलं 1,03,680. एक लाखाच्या वर! मुलं "बापरे!" म्हणाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

"बाई, लसूण खाल्ली की हृदयाला काही होत नाही ना?"

मी म्हटलं, "लसूण चांगली असते हो. पण तू का विचारतेस?"

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून वर्ग एकदम गप्प झाला. तिचे आजोबा गिरणी कामगार. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली, पुढं त्यांनी मिळेल ते काम केलं. गेली काही वर्षं त्यांना रक्तदाबाचा त्रास होता आणि रोज एक गोळी चालू होती. एके दिवशी मोबाइलवर कुणाचा तरी निरोप आला, की सकाळी अनशेपोटी लसणीच्या दोन पाकळ्या खा आणि सगळ्या गोळ्या फेकून द्या. आजोबांना ते फार पटलं. गोळ्यांचे पैसे वाचणार, आणि लसूण काय, घरातच असते! त्यांनी गोळी बंद केली. त्यांना काहीच त्रास होईना, म्हणून घरातल्यांनाही काही वाटलं नाही. दोन आठवड्यांनी सकाळी दूध आणायला ते चाळीचा जिना उतरत होते, तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं आणि उजवा हात लुळा पडला. शेजारच्या मुलांनी त्यांना लगेच टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. वेळेवर नेलं म्हणून वाचले. आता काठी घेऊन चालतात.

"मग बाई, लसूण खोटी का?" तिनं विचारलं.

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "उद्या सांगते." एक उद्या झाला, दुसरा झाला, चांगले पंधरा दिवस गेले. तेवढ्यात मी बरंच वाचलं, आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि मग वर्गात सांगितलं. तेच आज तुम्हांलाही सांगते. आईबाबांनीही वाचलं तर बरंच होईल!

आधी रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. चाळीतल्या नळाला रबरी पाइप लावून तुम्ही पिंप भरलं असेल. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कसं जोरात उडतं! पाणी तेवढंच, पण वाट अरुंद झाली. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही बारीक स्नायू असतात. ते आवळले गेले की वाट अरुंद होते, रक्ताचा दाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. डॉक्टर दंडाला पट्टी बांधून दोन आकडे सांगतात, 120 आणि 80 असे. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा आणि खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. हा दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला तर हृदय थकतं, वाहिन्यांच्या भिंती खराब होतात आणि एखादे दिवशी मेंदूतली एखादी वाहिनी तुंबते किंवा फुटते. आजोबांचं तेच झालं. यातली वाईट गोष्ट अशी, की दाब वाढलाय हे बहुतेक वेळा माणसाला कळतच नाही. डोकं दुखत नाही, छातीत दुखत नाही. म्हणून "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" असं वाटतं.

आता लसणीकडे वळू. लसणीचा अख्खा गड्डा हुंगून पाहा. फारसा वास येत नाही. पण एक पाकळी ठेचा, की घरभर वास! असं का होतं? लसणीच्या पेशींत अॅलिन नावाचा एक पदार्थ असतो आणि वेगळ्या कप्प्यात त्याला बदलून टाकणारं एक विकर असतं. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि क्षणात अॅलिसिन तयार होतं. तो झणझणीत वास त्याचाच. लसूण हे आपल्यासाठी करत नाही बरं का! जमिनीतल्या किड्यांनी आणि बुरशीनं तिला खाऊ नये म्हणून तिनं केलेला हा बंदोबस्त आहे. वनस्पतींना पळता येत नाही, हात उगारता येत नाही. मग त्या रसायनं तयार करतात. कडू, तिखट, उग्र, रंगीत अशी हजारो रसायनं. मिरचीचा तिखटपणा, हळदीचा पिवळा रंग, जांभळाचा जांभळा रंग, कारल्याचा कडवटपणा, सगळं त्यातलंच. लालबागची ती गल्ली म्हणजे खरं तर वनस्पतींचा शस्त्रसाठाच म्हणायचा.

ही रसायनं आपल्या पोटात गेली की काय करतात, ते शास्त्रज्ञ अनेक वर्षं शोधत आहेत. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे अशा लोकांना काही आठवडे किंवा काही महिने लसणीची भुकटी नाहीतर अर्क देऊन बरेच प्रयोग झाले. त्यांतल्या पुष्कळांत दाब थोडा उतरलेला दिसला. म्हणजे लसूण खोटी नाही. पण "थोडा" हा शब्द नीट वाचा. शिवाय त्या प्रयोगांतल्या गोळ्यांत किती अर्क आहे ते मोजलेलं असतं. घरच्या दोन पाकळ्यांत अॅलिसिन किती, हे लसूण कुठली, जुनी की नवी, ठेचली की गिळली, यावर ठरतं. अख्खी पाकळी तव्यावर भाजली तर ते विकरच नष्ट होतं आणि अॅलिसिन फारसं तयारच होत नाही. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवावी आणि मग फोडणीत टाकावी, असं सांगतात. चटणी करणाऱ्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण तिची लसूण नेहमी ठेचलेलीच असायची!

पालेभाजीची गोष्ट तर याहून गमतीची आहे. दादरच्या भाजीबाजारात पालक, मुळा, बीट हे सगळं एकाच टोपलीत दिसतं. या भाज्यांत नायट्रेट नावाचा क्षार भरपूर असतो. तो पोटात जातो, रक्तात मिसळतो आणि पुन्हा आपल्या थुंकीत येतो. तिथं जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. (हो, तुमच्या जिभेवर जिवाणूंची वस्ती आहे. तोंड वाकडं करू नका, ते आपले कामकरी आहेत!) त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. हा वायू रक्तवाहिन्यांच्या स्नायूंना सांगतो, "सैल व्हा." स्नायू सैल पडले की पाइपावरचा अंगठा उचलल्यासारखं होतं. शरीरात हा वायू असा निरोप्याचं काम करतो, हे शोधून काढणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना 1998 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आईनं पालकाची भाजी वाढल्यावर आता ताट सरकवाल का?

कांदा, सफरचंद आणि चहात फ्लेव्होनॉइड नावाचे पदार्थ असतात. हॉलंडमधल्या झुत्फेन गावी 65 ते 84 वर्षं वयाच्या 805 आजोबांच्या जेवणाची नोंद करून पुढं पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. ज्यांच्या जेवणात हे पदार्थ जास्त होते त्यांच्यात हृदयविकारानं मरणारे कमी निघाले. 1993 साली ही माहिती छापून आली आणि जगभर गाजली. पण थांबा. ते आजोबा कांदा खात होते म्हणून टिकले, की जे लोक कांदा-सफरचंद खातात ते एकूणच नीट राहतात म्हणून टिकले? अशा नोंदीतून हे पक्कं सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

प्रयोग म्हटला की आपल्याला लांब जायला नको. लालबागहून चालत परळला जाऊ. तिथं केईएम रुग्णालय आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण तिथंच जन्मले असाल. हे रुग्णालय 1926 साली सुरू झालं. त्याला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी ज्यांनी देणगी दिली, त्यांची अट होती की इथं शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. इंग्रजांच्या राज्यातली ही गोष्ट आहे, लक्षात घ्या!

या रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगाचे डॉक्टर होते. जन्म 1911 चा. लंडनला शिकून ते मुंबईला परत आले. त्या काळी वाढलेला रक्तदाब उतरवणारं चांगलं औषध जगात कुठंच नव्हतं. विलायतेतले मोठे मोठे डॉक्टरही रोग्याला विश्रांती घ्या आणि मीठ कमी करा, यापलीकडे फारसं काही सांगू शकत नव्हते. पण आपल्याकडे वैद्य आणि काही डॉक्टर सर्पगंधा नावाच्या एका झुडपाचं मूळ वापरत होते. कोकणात आणि सह्याद्रीच्या रानातही हे झुडूप उगवतं. हातभर उंची, पांढुरकी फुलं आणि लालसर देठ. झोप न येणाऱ्याला, भ्रमिष्टाला, साप चावलेल्याला हे मूळ देत. सापाच्या विषावर त्याचा खरा उपयोग होत नाही, नाव मात्र राहिलं.

इथं एक आडवळण घेते. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्यानं 1563 साली गोव्यात इथल्या औषधी वनस्पतींवर एक पुस्तक छापलं. सापाच्या विषावरच्या मुळांचं वर्णन त्यातही आहे, आणि त्यांतलं एक मूळ सर्पगंधेचं असावं असं अभ्यासक मानतात. हाच ओर्ता आपल्या मुंबई बेटाचा भाडेकरूही होता! पोर्तुगीजांकडून त्यानं हे बेट खंडानं घेतलं होतं आणि आजच्या फोर्ट भागात त्याचा वाडा होता. आता पुन्हा परळला येऊ.

डॉ. वकिलांनी काय केलं? "आमच्या आजीचं औषध आहे, गुणकारीच असणार" असं ते म्हणाले नाहीत. आणि "झाडपाल्याचं काय खरं?" असंही म्हणाले नाहीत. त्यांनी मोजलं. रक्तदाब वाढलेले 50 रोगी घेतले, त्यांना सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या दिल्या आणि दाब किती उतरतो, काय त्रास होतो, गोळी बंद केल्यावर काय होतं, याच्या नोंदी ठेवल्या. बहुतेकांचा दाब उतरला. 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात त्यांनी हे छापलं आणि सर्पगंधेची वार्ता साऱ्या जगभर पोहोचली. 1952 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रेसरपिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. रक्तवाहिन्यांना "आवळा, आवळा" असा निरोप नेणारं एक रसायन मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेलं असतं. रेसरपिन तो साठाच रिकामा करतं. निरोप पोचत नाही आणि वाहिन्या सैल राहतात. त्याआधी 1931 मध्ये दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मुळातली दुसरी काही द्रव्यं शोधली होती. एकाचं नाव त्यांनी हकीम अजमलखानांवरून अजमलिन ठेवलं.

डॉ. वकिलांना 1957 साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी भारत सरकारनं पद्मभूषण दिलं. परळच्या एका वॉर्डातली नोंदवही कुठवर पोचली पाहा.

पण ही गोष्ट इथं संपत नाही, आणि मुलांना मी हाच भाग जास्त सांगितला. रेसरपिन घेणाऱ्या काही रोग्यांचं नाक चोंदायचं. काहींचं मन इतकं उदास व्हायचं, की त्यांना कशातच गोडी वाटेना. हळूहळू कमी त्रासाची नवी औषधं निघाली आणि आज सर्पगंधेचं औषध रक्तदाबासाठी क्वचितच देतात. बिचाऱ्या झुडपाचंही नशीब खडतर. औषध मुळात, म्हणून अख्खं झाड उपटायचं. जगभरातून मागणी आली आणि रानंच्या रानं रिकामी झाली. शेवटी 1990 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

म्हणजे झाडपाला म्हणजे निर्धोक, असं मुळीच नाही. तुमच्यापैकी कितीजण बिट्टीच्या बियांनी खेळता? पिवळ्या कण्हेरीला बिट्टी म्हणतात, आणि तिच्या बियांत हृदयाचे ठोकेच बिघडवणारं जहर असतं. खेळून झाल्यावर हात धुवा आणि बी तोंडात अजिबात घालू नका. त्याच जातीचं रसायन विलायतेतल्या डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडात असतं. विल्यम विदरिंग या डॉक्टरानं 1785 साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यातून काढलेलं औषध हृदयाच्या काही रोग्यांना आजही देतात. चिमूटभर जास्त झालं तर जीव घेणारं, आणि नेमकं मोजून दिलं तर जीव वाचवणारं! केईएममध्येच औषधशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदातली औषधं अशीच आधुनिक कसोट्यांवर तपासण्याचं काम केलं. झाडांवर त्यांनी मराठीत सुरेख पुस्तकंही लिहिली आहेत. वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा.

मग कुणी म्हणेल, चांगलं द्रव्य तेवढं काढून त्याचीच गोळी करून खाऊ या की! तेही करून पाहिलं आहे. भाज्या-फळं आणि बियांत ई जीवनसत्त्व असतं, म्हणून 9 हजारांहून जास्त लोकांच्या एका मोठ्या प्रयोगात काहींना साडेचार वर्षं त्याच्या गोळ्या दिल्या. 2000 साली निष्कर्ष आला, हृदयाला काही फायदा नाही. हळदीतलं कुरकुमिन नुसतं खाल्लं तर रक्तात फार थोडं उतरतं. 1998 साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की सोबत मिरीतलं पिपेरिन दिलं तर ते कितीतरी पट जास्त उतरतं. झालं! लगेच हळद-मिरीच्या गोळ्यांच्या जाहिराती सुरू. पण मिरीतलं हेच पिपेरिन जास्त प्रमाणात घेतलं तर दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकतं, हे त्या डबीवर कुणी ठळक छापत नाही. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी असते. त्यानं एक आठवडा रोज पालेभाजी आणि पुढचा आठवडा बिलकूल नाही, असं केलं तर पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वामुळं गोळीचा हिशोब चुकतो. लसणीच्या गोळ्यांनीही चुकू शकतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना गोळ्यांबरोबर काढे, चूर्णं आणि अर्क यांचीही नावं सांगायची असतात. आपले आजी-आजोबा नेमकं तेच लपवतात! "डॉक्टर रागावतील" म्हणून.

गिरगावात कोकणातल्या वस्तूंच्या दुकानांत आता आमसुलं आणि कोकमाच्या बाटल्या भरपूर दिसतात. कोकमाचा लाल रंग आणि जांभळाचा जांभळा रंग ही एकाच घराण्यातली रसायनं. त्यांवर पुष्कळ संशोधन चालू आहे. पण कोकम सरबतानं हृदयविकार टळतो, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि सरबतात साखर किती असते हो! सोलकढी बरी. गंमत म्हणून हे मात्र करून पाहा. जांभळाच्या रसात चिमूटभर खायचा सोडा टाका, रंग पाहता पाहता बदलतो. हळदीच्या डागावर साबण लावा, तो लालभडक होतो. आमच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा दोघांचे पांढरे सदरे रंगले आणि दुसऱ्या दिवशी दोन आया भेटायला आल्या. तेव्हा तुम्ही जुना सदरा घालूनच करा.

त्या मुलीला मी शेवटी काय सांगितलं? लसूण खरी आहे. पण ती जेवण आहे, आणि आजोबांची गोळी औषध आहे. जेवण रोज थोडं थोडं काम करतं, वर्षानुवर्षं. वाढलेला दाब आज, आत्ता खाली ठेवणं हे गोळीचं काम. एकीनं दुसरीची जागा घ्यायची नाही. तिनं लगेच विचारलं, "मग बाई, गोळी घेतली तर लोणचं कितीही चालेल का?" आता बोला! त्यावर मला मिठाचा आणखी एक पाठ घ्यावा लागला. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे चहाचा एक चमचाभरसुद्धा नाही. त्यात लोणचं, पापड, फरसाण, चिवडा सगळं आलं. लालबागच्याच चिवडा गल्लीतल्या एका मुलाचं तोंड तेव्हा पडलं होतं.

परवा ती मुलगी घरची दिनदर्शिकाच घेऊन शाळेत आली. रात्री आजोबांनी गोळी घेतली की ती त्या तारखेवर लाल पेन्सिलीनं फुली मारते. दोन महिन्यांत एकच तारीख कोरी होती. त्या रात्री ती मामाकडे गेली होती. "मग आजोबांना विचारलं नाहीस, घेतली का म्हणून?" मी म्हटलं. "विचारलं ना बाई. घेतली म्हणाले. पण मी पाहिली नाही, म्हणून फुली नाही मारली."

लसणीची चटणी त्यांच्या घरी अजून होते. मीठ तेवढं आजी आता हात राखून घालते.